संगणक बदलला, दर्या बिघडला

२०२५ च्या दिवाळीत आमच्या घरच्या संगणकाने विंडोज सोडून लिनक्सचा गंडा बांधला. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपला होता आणि पुढची आवृत्ती आमच्या जुन्या यंत्राला पेलणारी नव्हती. नातवाने तासाभरात लिनक्स मिंट बसवले. फोटो उघडले, भजने वाजली. मग मी 'आईचे शब्द' ही फाईल उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे!

ही फाईल २००२ सालची. वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या घरात आई सांगायची आणि मी टाईप करायचे. होड्यांची, जाळ्यांची, भरती-ओहोटीची नावे. आई २००६ मध्ये गेली. त्यामुळे पोटात गोळाच आला.

पण फाईल बिघडली नव्हती. ती मुळात मराठीत साठवलेलीच नव्हती! हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

१९९१ हे साल मोठे गमतीचे. त्या वर्षी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी मानक आले. ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली होती. मी मात्र तेव्हा खडू-फळ्यातच होते.

बाजारातली मराठी सॉफ्टवेअरे वेगळ्या वाटेने गेली. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. संगणक साठवायचा इंग्रजी अक्षर आणि फॉन्ट त्याला मराठी मुखवटा चढवायचा. त्यातही प्रत्येक कंपनीची वाटणी निराळी. एकाचा क तो दुसऱ्याचा भलताच कोणी.

युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक. मात्र त्यांची जोडाक्षरे पडद्यावर जुळवायचे काम संगणकाच्या प्रणालीला यावे लागते. विंडोजला देवनागरीचे हे काम विंडोज २००० पासून जमू लागले. तिच्यासोबत आलेला 'मंगल' फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. लिनक्ससाठी २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट खुले केले.

माझी फाईल विंडोज ९८ वर जुन्या फॉन्टात झाली. पुढे यंत्रे बदलली, पण दर वेळी तो फॉन्टही सोबत यायचा, म्हणून काही कळले नाही. लिनक्सवर तो नव्हता. मुखवटा गळून पडला, इतकेच.

नातवाने जुन्या सीडीवरून फॉन्ट टाकला आणि अक्षरे परत दिसली. "झालं की!" मी म्हटले. तो म्हणाला, "आजी, यात बोंबील शोधून दाखव." शोधले. समोर चार ठिकाणी बोंबील दिसत असताना संगणक म्हणे, एकही नाही!

मग त्याने फाईल युनिकोडमध्ये उतरवायला घेतली. ते वाटते तितके सरळ नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे अक्षर आधी. रफाराचे उलटे. जुन्यात तो शेवटी, युनिकोडमध्ये र आधी. त्यामुळे पहिल्या फेरीत आमच्या 'दर्या'चा 'दयार्' झाला! नियम सुधारल्यावर दर्या जागेवर आला.

अकरा पाने तपासताना 'होरी', 'जालं', 'कोली' या शब्दांखाली लाल रेघा दिसल्या. नातू म्हणाला, "हेही बिघडलेत. होडी, जाळं, कोळी करून टाकू? एका झटक्यात होईल." मी जवळजवळ ओरडलेच, "हात लावू नकोस!" तो बिघाड नव्हता, ते आईचेच बोलणे होते. आमच्या बोलीत ड चा र होतो आणि ळ चा ल.

खरे सांगायचे तर शाळेत मी आमच्याच कोळीवाड्यातल्या मुलांच्या वह्यांत हेच शब्द लाल शाईने खोडले आहेत. 'होडी' दहा वेळा लिहून आणायला लावले आहे. संध्याकाळी आईचे शब्द जसेच्या तसे टाईप करणारी मीच आणि सकाळी वर्गात ते खोडणारीही मीच. तेव्हा यात काही विसंगत आहे असे मनातही आले नाही. नातवाचा हात धरला तेव्हा कुठे आले.

असो. लाल रेघा बंद करून देतो, असे तो म्हणाला. मी नको म्हटले. त्याऐवजी शब्द संगणकाच्या शब्दकोशात कसा घालायचा ते शिकून घेतले. रोज पाच-सहा घालते. काल 'वलांडी' घातला. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूंची मांडणी.

भाऊ, वहिनी, भाचरांनो, आईचे आणखी शब्द कोणाला आठवत असतील तर मला फोन करा. मात्र ती बोलायची तसेच सांगा, सुधारून नको.