यवतमाळच्या पोटात काय आहे?

‘यवतमाळच्या पोटात दडलेली पर्वा (२)’

हा क्लू माझाच. वरवर वाचलात तर गावावरची भावुक ओळ वाटेल, आणि तोच सापळा आहे. क्रिप्टिक शब्दकोड्यात वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात ते उत्तर बनवायची कृती. इथे अर्थ ‘पर्वा’. कृती ‘यवतमाळच्या पोटात’. य-व-त-मा-ळ. मधली दोन अक्षरं उचला: तमा.

कुणी ‘तम’ म्हणेल, पण ते चूक. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, आणि ‘मा’चा काना मोडून नुसता ‘म’ घेता येत नाही. क्लू देणाऱ्यानं हवं तितकं फसवावं, पण खोटं बोलू नये, हा या खेळाचा एकमेव धर्म. म्हणून उत्तर सापडण्यापेक्षा ते समजावून सांगण्यात जास्त मजा असते. प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला पाहिजे.

आडव्या-उभ्या शब्दांचं पहिलं आधुनिक कोडं आर्थर विन यांनी १९१३च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात छापलं. त्याला असं फसवं वळण पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये लागलं. मला हा नाद पुण्यात कंपनीच्या बसमध्ये लागला. आपल्याकडे एवढी चक्रम गोष्ट कुणी केली नसणार, असा माझा समज होता. तो चुकीचा होता, आणि त्याचा एक धागा माझ्याच यवतमाळात होता.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ उभा केला. संस्कृतऐवजी लोकांच्या मराठीत बोलायचं, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला बसून गोळा केल्या. तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ, मराठी गद्याची सुरुवात. पण पुढे याच पंथानं आपल्या पोथ्या कुणालाही वाचता येणार नाहीत अशा लिपीत लिहायला घेतल्या. परंपरेनुसार चौदाव्या शतकात रवळोबासांनी ‘सकळ लिपी’ रचली. तिच्याशिवाय सुंदरी लिपी, अंकलिपी, वज्रलिपी अशा आणखीही होत्या. तत्त्व सोपं: एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा खूण. भाषा मराठीच, फक्त कुलूप लावलेली.

का? धर्मग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, टवाळी होऊ नये, विरोधकांपासून आणि स्वाऱ्यांच्या धामधुमीपासून ते वाचावेत, अशी कारणं सांगतात. मला सगळीच पटतात. लोकांसाठी लोकांच्या भाषेत बोललेलं लोकांपासूनच लपवावं लागलं, हे मात्र गिळायला जड जातं.

एक फायदा झाला, बहुतेक न ठरवता. ज्ञानेश्वरी इतक्या हातांनी उतरवली गेली की पाठ बिघडले, आणि १५८४ साली एकनाथांना ती शुद्ध करायला बसावं लागलं. महानुभावांच्या पोथ्या बाहेरच्या नकलकारांना वाचताच येत नव्हत्या, म्हणून त्यांना ती भाषा आपल्या काळाप्रमाणे ‘सुधारता’ही आली नाही. पंथाच्या आतही पाठभेद झाले, पण जुन्या मराठीची रूपं तिथे तुलनेनं जास्त टिकली. कुलपानं चोरांना अडवलं आणि दुरुस्ती करणाऱ्यांनाही!

१९१०च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडून दाखवली. हे किती अवघड असावं, याचा मी एक शनिवार अंदाज घेतला. अक्षराच्या जागी अक्षर ठेवणारं गुपित मोजून फुटतं. कोणती खूण किती वेळा येते ते मोजायचं आणि त्या भाषेतल्या अक्षरांच्या नेहमीच्या प्रमाणाशी ताडून पाहायचं. अल्-किंदी या अरब विद्वानानं नवव्या शतकात हेच लिहून ठेवलंय. मी जुन्या मराठी मजकुराची अक्षरं अदलाबदल करून एक छोटा प्रोग्राम चालवला. अडलो ते भलत्याच ठिकाणी. पोथीत शब्द सुटे नसतात, ओळभर अक्षरं सलग चालतात. शब्द कुठे संपला हेच कळेना. मग ओवीनं वाट दिली. ओवीत पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असतं, म्हणजे थोड्याथोड्या अंतरावर तीच खूण परत यायलाच हवी. तिथे चरण तोडता येतो. राजवाड्यांनी नेमकं असंच केलं, असं मी म्हणत नाही. मला मात्र कॉम्प्युटर हाताशी असूनही दोन दिवस लागले, आणि माझ्या गुपिताची किल्ली माझ्याच खिशात होती.

पण कुलूप उघडलं तरी आत काय काय आहे, हे कुणीतरी बसून पाहावं लागतं. ठाण्याचे वि. ल. भावे त्यात होते. आणि यवतमाळात होते डॉ. यशवंत खुशाल देशपांडे. ‘शारदाश्रम’ ही संशोधन संस्था त्यांची. १९२५ साली त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ आलं. कोणते ग्रंथ, कुणाचे, कशाबद्दल, याची ओळख त्यांनी सामान्य वाचकाला करून दिली. लिपी फोडणाऱ्याचं नाव पाठ्यपुस्तकात राहतं. तिच्यामागचं समजावून सांगणाऱ्याच्या गावात मी अठरा वर्षं वाढलो आणि त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. १९३६पासून नागपूरहून ह. ना. नेने यांनी संपादलेलं ‘लीळाचरित्र’ छापून येऊ लागलं. सहाशेहून जास्त वर्षांनी ते कुणालाही विकत घेता येऊ लागलं.

मधल्या शतकांत भाषेनं स्वतःचं उत्तर भरून टाकलं होतं. पोथ्या वाचता येत नाहीत, काळे कपडे घालतात, गोड बोलतात, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण झाली. ‘मानभावी’ म्हणजे ढोंगी, असा अर्थ शब्दकोशात जाऊन बसला. कोड्याच्या भाषेत सांगायचं तर कृती कुणी तपासलीच नाही, फक्त अर्थ ठोकून दिला.

इंजिनिअरिंगला माझ्या खोलीत दारव्ह्याकडचा एक मित्र होता. मेसच्या मालकाला मी एकदा ‘काय मानभावी माणूस आहे’ म्हणालो. तो ताटावरून उठला नाही, काही बोललाही नाही. आठवड्यानं त्याची आजी भेटायला आली. दारातच तिनं मला ‘दंडवत प्रणाम’ केला, माझ्यासारख्या पोराला, दोन्ही हात जोडून. ती महानुभाव पंथाची उपदेशी होती. मला तेव्हा कळलं. माफी मागायची राहून गेली, मग वर्षं गेली.

हा लेख लिहिताना त्याला एक क्लू पाठवला: ‘आदराला किंमत जोडली की झाला एका पंथाचा माणूस (४)’. आदर म्हणजे मान, किंमत म्हणजे भाव. सोबत ते मेसमधलं वाक्य आठवून सॉरीही लिहिलं.

रात्री उशिरा उत्तर आलं. ‘सुटला. पण चुकला तू. महानुभाव असते ते. पाच घरं पायजेत बे.’