बुबुळ आवळणारे पिवळे थेंब

पोराच्या चष्म्याचा तिरपा नंबर दर सहा महिन्यांनी बदलायला लागला की सातारा-सांगलीकडे आधी चष्मेवाल्याला बोल लावतात, मग मोबाइलला. शेवटी मिरजेची वाट धरतात. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभारलं, तेव्हापासूनची ही सवय. बुबुळाच्या उंचसखलपणाच्या नकाशात, म्हणजे टोपोग्राफीत, लाल डाग बुबुळाच्या मध्याखाली घसरलेला दिसला की डॉक्टर पहिलं विचारतात, "डोळे चोळतोस का रे?"

संशय असतो डोळे चोळल्यानं बळावणाऱ्या केरॅटोकोनसचा. त्यात बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होत शंकूसारखा पुढं येतो. इंग्लंडच्या जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पुढं कडक कॉन्टॅक्ट लेन्स आली, नेत्ररोपण आलं. वाढ रोखणारं मात्र काही नव्हतं.

ते निघालं जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये, १९९०च्या दशकात. दातात भरलेलं सिमेंट उजेडानं घट्ट होतं, मग बुबुळातलं कोलॅजन का होऊ नये, हे नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर यांना दंतवैद्याच्या खुर्चीत सुचलं म्हणतात. दंतकथाच, पण शोभते. शिवाय मधुमेह्यांमध्ये हा विकार कमी आढळतो. साखर कोलॅजनचे तंतू एकमेकांत जखडते, हे त्यामागचं कारण मानतात. झायलर आणि त्यांचे सहकारी श्पर्ल व वोलेन्झाक यांनी डुकरांच्या बुबुळांवर प्रयोग करून रिबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व निवडलं. अतिनील किरण पडले की ते तंतूंमध्ये नवे बंध घडवतं आणि तेच किरण शोषून आतल्या पेशींना वाचवतंही. एकाच थेंबाकडून दोन्ही कामं करून घेणं, ही खरी अक्कल.

उपचार असा: पडद्यावरची नाजूक साल खरवडायची, अर्धा तास पिवळे थेंब टाकायचे, मग अर्धा तास किरण. २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. अमेरिकेनं मान्यता दिली ती २०१६ मध्ये. आपल्याकडं तोवर हा उपचार 'सी थ्री आर' या नावानं दवाखान्यांत रुळलाही होता. चष्मा जाईल या आशेनं आलेले पालक मात्र हिरमुसतात, कारण हा उपचार विकाराची वाढ थांबवण्यासाठी आहे, नंबर घालवण्यासाठी नाही.

पडदा ४०० मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर मूळ पद्धत चालत नाही. किरण आतल्या पेशींपर्यंत पोचतात. त्यावर चेन्नईच्या डॉ. सूझन जेकब आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तोडगा मांडला: रिबोफ्लेविनमध्ये भिजवलेली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावर ठेवायची आणि कमी पडणारी जाडी तिच्याकडून उसनी घ्यायची.