प्रत्यारोपणाचा क्लेम नाकारला, आता पैसे कुठून? रुग्णाच्या घरच्यांसाठी माहिती

किडनी निकामी झाली, घरातल्याच कुणाची तरी किडनी जुळली, हॉस्पिटलने तारीखही दिली, आणि तेवढ्यात विमा कंपनीचं पत्र आलं की क्लेम मंजूर करता येत नाही. जुम्याच्या नमाजनंतर ज्या आजारी माणसासाठी चंद्याची पुकार होते, त्यातल्या कित्येक घरांची गोष्ट इथूनच सुरू झालेली असते. खासगी हॉस्पिटलात किडनी प्रत्यारोपण म्हणजे काही लाखांचा मामला. लिव्हरचं असेल तर वीस लाखांच्या घरात सहज जातं. हप्ते भरून, पॉलिसी सांभाळून ठेवलेल्या माणसाला ते पत्र वाचून चक्कर येणं साहजिक आहे.

अशा वेळी घरचे दोनपैकी एकच काम करतात, असं आम्हाला वारंवार दिसतं. एक तर कंपनीशी भांडत बसतात, नाहीतर पत्र बाजूला टाकून दागिने विकायला निघतात. खरं तर दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू करावी लागतात. कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा निकाल यायला महिने लागतात आणि रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. दुसरीकडे, मुख्यमंत्री सहायता निधीसारखी मदत ऑपरेशनच्या आधीच मागावी लागते. खर्च होऊन गेल्यावर बिल दाखवून ते पैसे परत मिळत नाहीत.

आधी पत्र नीट वाचा

हॉस्पिटलच्या विमा काउंटरवरचा माणूस "कॅशलेस रिजेक्ट झालं" म्हणाला, म्हणजे क्लेम संपला असं नाही. कॅशलेस नाकारणं वेगळं आणि क्लेम नाकारणं वेगळं. कॅशलेस मिळालं नाही तरी बिल भरून, सगळी कागदपत्रं जोडून नंतर परताव्याचा क्लेम टाकता येतो. त्यामुळे तोंडी निरोपावर थांबू नका. नकार लेखी मागा, आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं ते त्यात लिहिलेलं असायला हवं. विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. एका कारकुनाच्या सहीने तो विषय मिटत नाही.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कारण म्हणजे "जुना आजार लपवला". किडनीच्या रुग्णाला बहुतेकदा आधीपासून शुगर किंवा बीपी असतं. पॉलिसी घेताना फॉर्म एजंटने भरलेला असतो, "हे लिहू नका, हप्ता वाढेल" म्हणून सल्लाही त्यानेच दिलेला असतो आणि सही मात्र अब्बांची असते. कायद्याच्या नजरेत सही करणारा जबाबदार. तरीही इथे दोन गोष्टी रुग्णाच्या बाजूने आहेत. पहिली : पॉलिसी सलग ६० महिने, म्हणजे ५ वर्षं चालू असेल तर माहिती लपवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध करावी लागते. आधी ही मुदत ८ वर्षं होती, २०२४ मध्ये ती कमी झाली. दुसरी : फॉर्ममध्ये आजार सांगितला होता आणि तरीही कंपनीने पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराचं कारण पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणून भरलेल्या फॉर्मची प्रत कंपनीकडून मागवून घ्या. फार थोड्या घरांत ती सापडते.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यावर कित्येक क्लेम अडतात. भरती करताना शिकाऊ डॉक्टर विचारतात, "शुगर किती वर्षांपासून?" सोबत आलेला भाचा किंवा शेजारी अंदाजाने "दहा-बारा वर्षं असेल" म्हणतो. तेच केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर चढतं. आजार निघाला चार वर्षांपूर्वी, पॉलिसी सहा वर्षांची, पण कागद बोलतो दहा वर्षं! भरतीच्या वेळी ज्याला खरी माहिती आहे त्यानेच बोलावं. चूक झालीच असेल तर पहिल्या निदानाचे जुने रिपोर्ट दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घ्यावं. खोटं लिहून घेण्याचा हा सल्ला नाही. खरं असेल तेच कागदावर यावं, एवढंच.

दुसरं कारण प्रतीक्षा काळाचं. जुन्या आजारासाठी हा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा ठेवता येतो. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेली असेल तर आधीची वर्षं मोजली जातात. कंपनी ती मोजायला "विसरली" आहे का, ते बघा.

तिसरं, डोनरचा खर्च. बऱ्याच पॉलिसींत अवयव काढण्याच्या ऑपरेशनचा खर्च मिळतो, पण डोनरच्या आधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं मिळत नाहीत. बिलातला तेवढाच भाग कापला असेल तर भांडण्यात फारसा अर्थ नाही. आणि पाच लाखांची कुटुंब पॉलिसी डायलिसिसमध्येच संपली असेल तर कंपनीचा दोष नसतो. ते लवकर ओळखलं तर निदान शक्ती तरी वाया जात नाही.

तक्रारीची वाट

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज. सोबत इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे ही कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तो मान्य नसेल तर ग्राहक आयोग आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. आमचं मत विचाराल तर साध्या घराने लोकपालापासूनच सुरुवात करावी.

ऑपरेशनच्या आधी कुठे कुठे अर्ज करायचा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारकांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. किडनी प्रत्यारोपणासाठी मर्यादा आधी अडीच लाख होती, २०२३ च्या निर्णयाने ती साडेचार लाख झाली. अट अशी की हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि तिथे प्रत्यारोपणाची परवानगीही असली पाहिजे. हॉस्पिटल पक्कं करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. खासगी हॉस्पिटलात तपासण्यांवर लाखभर घालवल्यावर ही चौकशी करून उपयोग होत नाही.

मुख्यमंत्री सहायता निधीतून प्रत्यारोपणासाठी २ लाखांपर्यंत मदत मिळू शकते. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. हॉस्पिटल खासगी असेल तर त्या अंदाजपत्रकावर सरकारी डॉक्टरांची प्रमाणित सही हवी. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्ज वेगळा, तोही आधीच करायचा.

तिसरा दरवाजा धर्मादाय हॉस्पिटलांचा, आणि आपल्या लोकांना याचीच माहिती कमी. ट्रस्टच्या नावाने चालणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. बाहेर काच आणि संगमरवर बघून लोक आत जायला बिचकतात. पण तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला दाखवून थेट विचारा. टाळाटाळ झाली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

सरकारी पर्यायही विसरू नका. मुंबईचं केईएम, नागपूरचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल इथे किडनी प्रत्यारोपण होतं. रांग असते, फेऱ्या होतात. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

डोनरचे कागद आणि नावांचा घोळ

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं हे जवळचे नातेवाईक. इतरांना मंजुरी समितीपुढे जावं लागतं. आपल्याकडे घोळ होतो तो नावांत. आधारवर "शेख" आधी, रेशनकार्डवर नंतर, एकीकडे "मो.", दुसरीकडे "मोहम्मद". बायको किडनी देत असेल तर निकाहनामा बहुधा उर्दूत असतो. त्याचा प्रमाणित अनुवाद आणि शक्य तर विवाह नोंदणीचा दाखला तयार ठेवा. क्लेमच्या वेळीही हेच कागद मागतात. पैशाच्या जोरावर बाहेरून डोनर "जुळवून देतो" म्हणणारे दलाल भेटतील. त्यात पाच ते दहा वर्षांची कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

अवयव देणं जायज आहे का, हा प्रश्न घरात निघतोच. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये अटींसह परवानगी दिली आहे. हिंदुस्तानातल्या उलेमांत मात्र मतभेद आहेत. आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना डोनरच्या तपासण्या सुरू होण्याआधीच विचारा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको.

जकात आणि चंदा

जो रुग्ण साहिबे-निसाब नाही त्याला उपचारासाठी जकात देता येते. कर्जात बुडालेलाही आठ हकदारांपैकी एक आहे. आपले आई-वडील, मुलं, नवरा-बायको यांना आपली जकात चालत नाही. भाऊ, बहीण, चाचा, मामू यांना चालते, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हनफी मसलकात रक्कम हकदाराच्या मालकीत जाणं जरुरी आहे, म्हणून ती थेट हॉस्पिटलच्या बिलात न भरता रुग्णाच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात द्यावी, तोच पुढे बिल भरेल. रमजानची वाट बघायचीही गरज नाही. निसाब असलेल्याला वर्ष पूर्ण होण्याआधी आगाऊ जकात देता येते.

चंदा करताना अंदाजपत्रक, आधीच मिळालेली मदत आणि उरलेली रक्कम हे तिन्ही आकडे सांगा. ऑनलाइन वर्गणीच्या साइटवर देणगीसोबत "टिप" आपोआप टिक केलेली असते. देणाऱ्यांना ती काढायला सांगा.

हिशेबात औषधं धराच. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधं कायम घ्यावी लागतात. डिस्चार्जनंतर ठरावीक दिवस, बहुतेक ६० किंवा ९०, विमा ती देतो; पुढचा खर्च घरचाच. पैसे संपले म्हणून गोळ्या थांबवल्या तर मिळालेली किडनीही जाते. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाचं प्रत्यारोपण सरकारी हॉस्पिटलात झालं असेल, तर राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात या औषधांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यासाठीचा अर्ज डिस्चार्ज घेतानाच तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकाकडे मागा.