टेंडरवरची अक्षरं

जुन्या फोटोत इंजिन ओळखणं सोपं असतं. अवघड असतो तो त्याच्यापुढे उभा असलेला माणूस. इंग्लंडमधल्या रेल्वे कुटुंबांचे फोटो मी बरीच वर्षं पाहते आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या टिनांतून, कोपरे दुमडलेल्या अल्बमांतून ते निघतात, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं फक्त ‘बाबा’ नाहीतर ‘डर्बी’. कोणाचे बाबा, कधीचं डर्बी, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. मग इंजिनालाच विचारावं लागतं.

माझं माहेर भुसावळचं. वडील लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे कोळशाचा आणि तेलाचा वास माझ्या ओळखीचा. लग्न होऊन आले ती डर्बीत, म्हणजे पुन्हा रेल्वेच्याच गावात. १८४४ साली स्थापन झालेल्या मिडलँड रेल्वेचं हे मुख्य ठाणं. इंजिनं आणि डबे इथेच बांधले जायचे. सासूबाईंचे वडील आणि आजोबा दोघंही इंजिनावर. त्यांच्या टिनातले फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा भाषा परकी होती, माणसं परकी होती, पण बफर, धुराडं आणि हातात चिंध्यांचा बोळा घेऊन फुटप्लेटवर उभा राहिलेला फायरमन मला परका वाटला नाही.

एवढ्या साध्या घरांत फोटो आले कुठून, याचं एक कारण म्हणजे कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा. १९०० साली तो पाच शिलिंगला मिळू लागला आणि कामगारांच्या घरात शिरला. त्याचं शटर मंद. धावती गाडी त्यात नुसती धुरकट रेघ व्हायची, म्हणून घरगुती फोटोतल्या गाड्या बहुधा उभ्याच दिसतात: फलाटावर, शेडच्या दारात, सायडिंगला. दुसरं कारण पोस्टकार्डं. फोटोवाला गावात यायचा, शेडमधल्या माणसांना इंजिनापुढे उभं करायचा आणि प्रती कार्डावर छापून विकायचा. कार्डाची पाठ मी आधी पाहते. मधोमध उभी रेघ असेल, एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला मजकूर, तर कार्ड १९०२ नंतरचं. ब्रिटिश टपाल खात्याने तशी परवानगी त्या साली दिली. तिकिटाच्या चौकटीत अर्ध्या पेनीचा दर छापलेला असेल, तर जून १९१८ च्या आधीची छपाई, कारण तेव्हा दर एक पेनी झाला.

त्यानंतर इंजिन. १ जानेवारी १९२३ ला ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या झाल्या: लंडन मिडलँड अँड स्कॉटिश, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न, ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ ला त्याही सरकारी झाल्या आणि ब्रिटिश रेल्वेज हे नाव आलं. या दोन तारखा हाताशी असल्या की अर्धं काम होतं. १९४८ नंतर लंडन मिडलँडच्या बहुतेक इंजिनांच्या जुन्या नंबरात चाळीस हजार मिळवले गेले, नॉर्थ ईस्टर्नच्या नंबरात साठ हजार, सदर्नच्या नंबरात तीस हजार. प्रसिद्ध ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ १९२३ साली १४७२ होतं, मग ४४७२ झालं, १९४६ मध्ये १०३ आणि सरकारी झाल्यावर ६०१०३. ग्रेट वेस्टर्नचे नंबर मात्र तसेच राहिले, कारण ते ओतीव धातूच्या पाट्यांवर होते आणि त्या बदलत बसणं परवडणारं नव्हतं. इंजिनाच्या तोंडावरच्या गोल दारावर नंबराखाली एक लहानशी अंडाकृती पाटी दिसली तर ती शेडची. सरकारी काळात ‘१७ए’ म्हणजे डर्बी, ‘३४ए’ म्हणजे किंग्ज क्रॉस. भिंगातून ती वाचता आली की इंजिनाचं घर कळतं.

सासूबाईंच्या टिनात एक फोटो होता, त्यावर घरात कधीच वाद झाला नव्हता. सडसडीत तरुण, डोक्यावर तेलकट टोपी, हात इंजिनाच्या दांडीवर. हे आजोबा, पहिल्या महायुद्धाच्या आधीचे, असं सगळे मानत. आजोबा १९१९ साली वारले. सासूबाईंनी त्यांना पाहिलंच नव्हतं. मी भिंग लावलं तर टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या गाड्यावर, मोठी अक्षरं होती, एल एम एस: लंडन मिडलँड अँड स्कॉटिश. म्हणजे १९२३ नंतरचा फोटो. नंबर टेंडरवर नव्हता, कॅबच्या बाजूला होता. मिडलँडच्या रीतीप्रमाणे टेंडरवर मोठा नंबर रंगवायची पद्धत नव्या कंपनीने सुरुवातीला चालू ठेवली होती. १९२८ च्या सुमाराला नंबर कॅबवर गेला आणि टेंडरवर कंपनीची अक्षरं आली. शिवाय इंजिन कंपाउंड जातीचं होतं. मिडलँडच्या कंपाउंड इंजिनांचे नंबर १००० ते १०४४. १०४५ पासून पुढची इंजिनं नव्या कंपनीने १९२४ पासून बांधली, आणि या कॅबवरचा नंबर अकराशेच्या पुढचा होता. आजोबा त्या इंजिनापुढे उभे राहूच शकत नव्हते.

मग तो तरुण कोण? लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात रेल्वेच्या नोकरवर्गाच्या नोंदवह्या आहेत. तिथे सासूबाईंच्या वडिलांचं नाव सापडलं: १९२१ साली इंजिन पुसणारा पोऱ्या म्हणून भरती, पुढे फायरमन. वय जुळलं, शेड जुळली. सासूबाईंना आठवत होते ते जाड चष्म्याचे, दम लागून जिने चढणारे वडील. पंचविशीतले वडील त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर पाहिले. बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत, मग एवढंच म्हणाल्या, ‘कान तर त्यांचेच आहेत.’

या कामाचं मला जे मोल वाटतं ते इथे आहे. नोंदवहीत नाव असतं, चेहरा नसतो. अल्बममध्ये चेहरा असतो, नाव नसतं. दोन्हीमध्ये दुवा उरतो तो इंजिनाच्या नंबराचा, कारण इंजिन कधी बांधलं, कुठल्या शेडला होतं, कधी भंगारात गेलं, हे कंपन्यांनी काटेकोरपणे लिहून ठेवलं. पोऱ्याचा फोटो जपावा असं कुठल्या कंपनीला वाटलं नाही. तो जपला तो घरच्या बायकांनी, टिनात.

रंगावर मात्र विसंबू नये. जुनी फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती, त्यामुळे मिडलँडचं देखणं किरमिजी इंजिन फोटोत काळंकुट्ट दिसतं, आणि निळं काही असेल तर ते फिकट पांढरट.

डब्याची दारंही बोलतात. स्केग्नेसच्या समुद्रावर जाताना काढलेल्या एका फोटोत, उघड्या दारात चारेक वर्षांचा मुलगा बसला आहे आणि दारावर ३ चा आकडा आहे. तो मुलगा आपणच, असं माझा नवरा आणि थोरले दीर दोघंही ठामपणे सांगत. ब्रिटनमध्ये जून १९५६ मध्ये तिसऱ्या वर्गाचं नाव बदलून दुसरा वर्ग झालं. नवऱ्याचा जन्म १९५८ चा. फोटो दिरांच्या घरी गेला.

हे सगळं मी एकटीने शिकले नाही. वाफेची इंजिनं चालवणाऱ्या हौशी रेल्वेंवर, चहाच्या खोलीत, पूर्वी फायरमन असलेले म्हातारे बसलेले असतात. त्यांच्यापुढे फोटो ठेवला की चष्मे निघतात. बफरवर दोन बाजूंना दोन दिवे असले तर एक्सप्रेस, धुराड्याच्या पायथ्याशी एकच दिवा असला तर साधी पॅसेंजर, हे मला त्यांनीच दाखवलं. त्यांच्यातल्या अनेकांकडे लहानपणीच्या चोपड्या आहेत. इयन ॲलन या सदर्न रेल्वेतल्या तरुण कारकुनाने १९४२ साली इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका छापली आणि पोरांची एक अख्खी पिढी फलाटाच्या टोकाला जाऊन, पाहिलेल्या नंबरांखाली रेघा मारू लागली. त्या रेघा आणि बाजूला लिहिलेल्या तारखा आज पुरावा आहेत.

एका फोटोपुढे मात्र हे जाणकारही थबकले. तो सासूबाईंच्या मामांकडून आलेला. मामा लँकेशायरमधल्या न्यूटन-ले-विलोज इथे व्हल्कन फाउंड्रीत कामाला होते. तीसेक कामगार, मागे अवाढव्य इंजिन, सगळं फिकट राखाडी रंगाचं, पुढे काउकॅचर, म्हणजे रुळांवर आलेली जनावरं बाजूला सारणारी लोखंडी जाळी. ब्रिटनमध्ये रुळांना कुंपण घालणं कायद्याने बंधनकारक होतं, त्यामुळे तिथल्या इंजिनांना काउकॅचर नसतं. कुणी कॅनडा म्हणालं, कुणी अर्जेंटिना. मी टेंडरवरची अक्षरं वाचली: जी आय पी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला. माझ्या वडिलांच्या शेडची मूळ कंपनी. राखाडी रंग फोटोपुरता असायचा. कारखान्यातून निघण्याआधी इंजिनाचा बारीक तपशील स्पष्ट दिसावा म्हणून कारखानदार तो लावत. १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी ओढणारी इंजिनंही याच व्हल्कनची. पुढे घाटातून मालगाड्या ओढणारी विजेची इंजिनं, ज्यांना आपल्याकडे खेकडा म्हणत, त्यांतलीही बरीचशी इथलीच; एक खेकडा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे. फोटोतल्या इंजिनाची चाकं पाच फूट सहा इंची रुळांसाठीची, इंग्लंडच्या रुळांवर ती बसलीही नसती. मामांनी ज्या इंजिनावर रिव्हेट ठोकले त्याची दुरुस्ती माझ्या वडिलांच्या शेडमधल्या माणसांनी केली असण्याची शक्यता चांगलीच आहे. त्या फोटोची प्रत मी भुसावळला भावाकडे पाठवली.

सध्या माझ्या टेबलावर आहे ती एक बाई. पोर्टरचा गणवेश, पँट, हातात झाडू, हसू अगदी मोकळं. इंजिनाचा फक्त बफर दिसतो, कारण कुणीतरी फ्रेममध्ये बसवायला फोटोची कड कात्रीने कापली आहे. पण मागच्या खांबांवर पांढरे पट्टे आहेत, फलाटाची कडही पांढरी आहे. दुसऱ्या महायुद्धात, दिवे मालवलेल्या रात्री माणसं धडपडू नयेत म्हणून हे रंगवलं जायचं. स्टेशनच्या नावाची पाटी जागेवर नाही. शत्रू उतरलाच तर त्याला ठिकाण कळू नये म्हणून १९४० मध्ये पाट्या काढल्या होत्या. पुरुष सैन्यात गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या हजारो बायकांपैकी ही एक. सासूबाईंच्या दोन मावश्या त्या वर्षांत रेल्वेत होत्या, एक डर्बीला, एक लेस्टरला. खांबाच्या माथ्यावरचं लोखंडी नक्षीकाम स्पष्ट आलं आहे, आणि डर्बीचे तेव्हाचे खांब मी जुन्या फोटोंत पाहिले आहेत. ते हे नाहीत.