गिरणीच्या जागेवरचे मनोरे

मुंबईत लोअर परळला आज काचेचे उंच मनोरे उभे आहेत. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला समुद्र दिसतो. खाली तरणतलाव आहे, व्यायामशाळा आहे, दारावर पहारेकरी आहेत. अशा घरांचा इतिहास मेहरूणकरांनी का ऐकावा? कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला गिरणी परकी नाही, आणि हे मनोरे गिरण्यांच्याच जमिनीवर उभे आहेत, म्हणून.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप विरला, पुढे गिरण्याही बंद पडत गेल्या. मग जमिनीचे काय? १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेला, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. तेव्हा वाटणी केवळ ‘रिकाम्या’ जमिनीची ठरली! गिरणीची इमारत पाडली, तरी तिच्याखालची जमीन वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो मान्य केला. श्रीनिवास मिलच्या जागी पुढे ‘वर्ल्ड वन’ मनोरा उभा राहिला.

मनोऱ्यात राहणाऱ्याशी आपले भांडण नाही. त्याने पैसे मोजून घर घेतले. प्रश्न मैदानाचा आणि कामगाराच्या घराचा आहे. त्यांचा वाटा एका शब्दाने आटला. म्हणून कामगाराने द्वारसभेला जावे, तसे सरकारी राजपत्रही वाचावे. बंद कारखान्याची जमीन उद्या आपल्याही गावात विकायला निघेल.