अद्भुताचें माहेर : नवेगांवबांध

अद्भुत कथा लिहिणाऱ्या लेखकास तिचें साहित्य कोठून मिळतें? केवळ प्रतिभेंतून, असें उत्तर सामान्यतः दिलें जातें. मारुति चितमपल्ली यांचें चरित्र पाहिलें म्हणजे तें अपुरें वाटूं लागतें. त्यांनीं कल्पित राज्यें उभारलीं नाहींत. तरीहि त्यांच्या अरण्यकथा वाचतांना परीकथेचाच भास होतो.

१९३२ सालीं सोलापुरांत जन्मलेले चितमपल्ली कोइमतूर येथें वनविद्या शिकले व वनखात्याच्या नोकरींत ३६ वर्षें रानांत राहिले. परंतु त्यांच्या लेखणीचें खरें विद्यापीठ नवेगांवबांध. तेथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यानें बांधला, आणि पुढें लोकांनीं त्यालाच कोलासुर म्हणून पूजिलें. जेथें बांध घालणारा मनुष्य देव होतो, तेथें इतिहास व अद्भुत यांत अंतर तें कितीसें?

येथेंच माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा पाखरांचा जाणकार त्यांस भेटला. रानांतल्या माणसांच्या तोंडचीं नांवें व समजुती त्यांनीं आदरानें टिपून घेतल्या. ‘नवेगांवबांधचे दिवस’ हें पुस्तक त्या ऋणाचीच नोंद होय.

१८ जून २०२५ रोजीं चितमपल्ली निवर्तले. लेखकामागें त्याचे ग्रंथ उरतात. त्याला शिकविणारे वृद्ध मात्र एकहि ओळ न लिहितां जातात. त्यांच्याजवळ जाऊन बसणारा आतां दुसरा कोण आहे?