वादळाचे बळ आणि नोंदीचा खरेपणा

ग्रंथालयाच्या शताब्दी स्मरणिकेत वादळांवरील लेखाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो वावगा म्हणता येणार नाही. वादळ हा हवामानशास्त्राचा विषय. ग्रंथालय हे अक्षरांचे घर. परंतु वादळ ओसरल्यावर मागे काय उरते? पडलेली घरे पुन्हा उभी राहतात, उन्मळलेल्या झाडांच्या जागी नवी झाडे येतात, आपत्ती डोळ्यांनी पाहिलेली पिढीही काळाच्या पडद्याआड जाते. उरते ती नोंद. ती खरी असेल तर पुढच्या पिढीला सावध करते. खोटी असेल तर तिची दिशाभूल करते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील वादळांच्या इतिहासात या दोन्ही प्रकारच्या नोंदी आढळतात आणि म्हणूनच हा विषय ग्रंथप्रेमी वाचकाला परका नाही.

सिल्वासा हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. दमणगंगेच्या तीरावरील या शहरापासून दमणचा किनारा सुमारे पंचवीस किलोमीटर दूर. तरीही जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकू लागले, तेव्हा हवामान खात्याच्या इशाऱ्यात हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्याचा उल्लेख होता. ३ जून रोजी ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या आणि उत्तरेकडचा हा प्रदेश बचावला. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ च्या रात्री, ‘तौक्ते’ने दीवजवळ जमीन गाठली. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला असल्याने ते वादळ सिल्वासाच्या दृष्टीनेही घरचेच होते. या दोन्ही प्रसंगी लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : वादळ किती मोठे? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर देण्यास मात्र माणसाला काही शतके लागली.

वाऱ्याला माप नव्हते तेव्हा

१५ मे १६१८ रोजी वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळाचे वर्णन जुन्या पोर्तुगीज लेखनात आढळते. चर्चची छपरे उडाली, समुद्र वस्तीत शिरला, दोन हजार माणसे दगावली, असा त्याचा आशय आहे. त्या काळी वादळ मोजण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे त्याने केलेली नासधूस. जितकी हानी अधिक, तितके वादळ मोठे, असा हा सरळ हिशेब. त्यात वाऱ्याचे बळ किती आणि घरांचा कच्चेपणा किती, हे वेगळे काढणे शक्य नव्हते.

वाऱ्याला पायऱ्या लावण्याचा टिकाऊ प्रयत्न फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५-०६ च्या सुमारास केला. त्याने शून्यापासून बारापर्यंत श्रेणी कल्पिल्या. जहाजाने किती शिडे उभारावीत, यावरून श्रेणी ठरे. बारावी श्रेणी म्हणजे ज्यापुढे कोणतेही शीड टिकणार नाही असा वारा. हा मापदंड खलाशाच्या अनुभवातून आलेला होता आणि पुढे त्याला वेगाच्या आकड्यांची जोड मिळाली. चक्रीवादळांना ‘सायक्लोन’ हे नाव देणारा हेन्री पिडिंग्टन हा कलकत्त्यात राहून वादळांचा अभ्यास करीत असे. जहाजांच्या रोजनिशा गोळा करून त्याने वादळांच्या वाटा आखल्या आणि सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून १८४८ मध्ये हे नाव योजले. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन आणि पॅसिफिकच्या पश्चिम भागात ज्याला टायफून म्हणतात, ते याच जातीचे वादळ होय.

याच सुमारास मुंबईत वेधांची परंपरा मूळ धरीत होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याची वेधशाळा स्थापिली आणि १८४१ पासून तेथे नियमित निरीक्षणे नोंदली जाऊ लागली. बाळशास्त्री जांभेकर यांचा या वेधशाळेशी संबंध होता, आणि गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे सहाय्यक म्हणून काम केले. मराठी गद्याची आणि आधुनिक शिक्षणाची पायाभरणी करणारी माणसे वायुभाराच्या नोंदींशीही निगडित होती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

बळ मोजण्याच्या तीन तऱ्हा

वादळाचे सामर्थ्य आज मुख्यतः दोन अंगांनी सांगितले जाते. पहिले अंग केंद्रातील वायुभाराचे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे जुन्या पुस्तकांतले तितकेच मिलिबार, असतो. वादळाच्या केंद्रात तो जितका खाली जाईल, तितकी भोवतालची हवा अधिक वेगाने आत धावते. दुसरे अंग वाऱ्याच्या वेगाचे. वेग दुप्पट झाला की भिंतीवर पडणारा वाऱ्याचा दाब चौपट होतो. म्हणून आकड्यातला लहानसा फरकही घराच्या छपराला लहान नसतो.

वेगाच्या बाबतीत एक गुंतागुंत आहे. वारा क्षणाक्षणाला बदलतो, तेव्हा सरासरी घ्यावी लागते. अमेरिकेत ती एका मिनिटाची, भारतात तीन मिनिटांची, तर जागतिक हवामान संघटनेच्या शिफारशीनुसार दहा मिनिटांची घेतात. एकाच वादळाचे आकडे निरनिराळ्या देशांत वेगळे दिसतात, त्याचे हे एक कारण. अमेरिकेत अभियंता हर्बर्ट सॅफिर आणि हवामानतज्ज्ञ रॉबर्ट सिम्पसन यांनी १९७० च्या सुमारास सिद्ध केलेली पाच श्रेणींची पद्धत रूढ आहे. ताशी २५२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेग असल्यास ती पाचवी श्रेणी. भारतीय पद्धतीत ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ ही संज्ञा सुरू होते. पुढे तीव्र, अतितीव्र, अत्यंत तीव्र अशा पायऱ्या चढत ताशी २२२ किलोमीटरच्या वर महाचक्रीवादळ येते.

परंतु भर समुद्रात मोजणार कोण? काही देश विमाने थेट वादळात पाठवून तेथून उपकरणे खाली सोडतात. जेथे ही सोय नाही, तेथे व्हर्नन ड्वोराक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात विकसित केलेली पद्धत वापरतात. उपग्रहाच्या छायाचित्रातील ढगांची वेटोळी आणि डोळ्याची ठेवण पाहून वादळाला एकपासून आठपर्यंत अंक द्यायचा आणि त्यावरून वेग व दाब अनुमानायचा, अशी ही रीत आहे. भारतीय समुद्रांतील वादळांचे बहुतेक आकडे असेच अनुमानित आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या मापांनी पाहता नोंदलेल्या वादळांत सर्वांत खोल दाब ‘टिप’ या टायफूनचा. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी पॅसिफिक महासागरात विमानातून तो ८७० हेक्टोपास्कल इतका मोजला गेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये मेक्सिकोलगतच्या ‘पॅट्रिशिया’चा दाब ८७२, म्हणजे थोडा अधिक होता; पण त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी ३४५ किलोमीटरपर्यंत गेला, आणि या कसोटीवर तो टिपच्याही पुढे ठरला. भारताच्या किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाचा दाब ९१२ हेक्टोपास्कल आणि वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर मानला जातो. अरबी समुद्रात २००७ चे ‘गोनू’ आणि २०१९ चे ‘क्यार’ ही दोन्ही महाचक्रीवादळाच्या पायरीवर पोहोचली.

बळ आणि बळी यांचे गणित मात्र निराळे असते. क्यार समुद्रातच विरून गेले. याउलट ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग-मुंबई दरम्यान जमिनीवर आलेले ‘फयान’ हे पहिल्याच पायरीवरचे चक्रीवादळ होते. पण कोकणचे अनेक मच्छीमार त्यात नौकांसह गेले ते परतले नाहीत. १२ नोव्हेंबर १९७० रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, आलेले भोला वादळ वेगाच्या यादीत वरच्या स्थानी नाही. तरी त्याने तीन ते पाच लाख माणसे नेली. माणसे मारली ती मुख्यतः वाऱ्याने नव्हे, तर वाऱ्याने उचलून आणलेल्या समुद्राने. उथळ, नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा समुद्र आणि ऐन भरतीची वेळ यांचा योग जुळला, की पाण्याची भिंत किनाऱ्यावर चढते. वादळाचे हे तिसरे माप, लाटेच्या उंचीचे, केवळ वाऱ्यावर ठरत नाही. किनाऱ्याच्या घडणीवरही ठरते. खंभातचे आखातही असेच उथळ आणि निमुळते आहे, हे दमणगंगेच्या खोऱ्यातील माणसाने लक्षात ठेवावे.

न झालेले महावादळ

आता त्या खोट्या नोंदीकडे वळू. जगातील भीषण वादळांच्या कित्येक याद्यांत ६ जून १८८२ या दिवशी मुंबईत एक लाख माणसांचा बळी घेणाऱ्या महावादळाचा उल्लेख दीर्घकाळ छापला गेला. एका यादीवरून दुसरीत, दुसरीवरून तिसरीत असा तो उतरत राहिला. हवामान-अभ्यासकांनी अखेर समकालीन नोंदी तपासल्या, आणि असे वादळ झालेच नाही, हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

खरे तर थोडा विचार केला असता तरी शंका यावयास हवी होती. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती. एक लाख बळी म्हणजे दर आठ माणसांत एक. कुलाब्याच्या वेधशाळेचे काम त्या काळी अखंड चालू होते. ‘मुंबई समाचार’, ‘इंदुप्रकाश’, पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ आणि नुकताच निघालेला ‘केसरी’ अशी वृत्तपत्रे निघत होती. त्याच वर्षी टिळक-आगरकरांना कोल्हापूर प्रकरणात मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले आणि आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत लगेच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दोन संपादकांच्या कारावासाची आठवण जपणारे शहर लाख माणसांचा मृत्यू विसरेल, हे कसे संभवावे?

खरी आपत्ती कशा खुणा ठेवते, हेही पाहण्यासारखे आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. त्यांत मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थीही होते. मुंबईत चौकशी झाली आणि गुजरातीत विलापकाव्ये रचली गेली. बोटीचा सांगाडाही हाती लागला नाही. पण नोंद मात्र राहिली. सातशे माणसांसाठी एवढा शोक उमटला, तर लाखांसाठी किती उमटला असता?

याच्या उलट प्रकारही घडला आहे. १० एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावरील यंत्राने ‘ऑलिव्हिया’ वादळातील एक झोत ताशी ४०८ किलोमीटर इतका नोंदला. आकडा इतका अविश्वसनीय होता, की तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिला. यंत्राची, आजूबाजूच्या नोंदींची कसून छाननी झाल्यावर २०१० मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो मान्य केला. खरी नोंद जवळजवळ चौदा वर्षे दाराबाहेर तिष्ठत उभी होती. खोटी नोंद मात्र याद्यांत मानाने मिरवत होती.

यातला धोका केवळ विद्वत्तेचा नाही. न झालेल्या वादळाची भीती पुढे खोटी ठरली, की झालेल्या वादळांवरचाही विश्वास उडतो. आणि ‘आपल्याकडे असे काही होत नाही’ ही समजूत बळावते. तौक्तेच्या वेळी मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्या दुर्घटनेत सत्तरांहून अधिक जीव गेले. इशारा आगाऊ मिळालेला होता. इशाऱ्यावर विश्वास बसण्यासाठी मागच्या अनुभवांची खरी आठवण समाजापाशी असावी लागते.

ती आठवण वेधशाळेच्या तक्त्यांत असते, तशीच जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींत, प्रवासवर्णनांत आणि गावोगावच्या स्मरणिकांतही असते. १८८२ चे वादळ अखेर पुसले गेले ते नव्या यंत्रामुळे नव्हे. कुणीतरी जुनी पाने पुन्हा उघडली म्हणून. ती पाने वाळवीपासून, दमटपणापासून आणि रद्दीच्या तराजूपासून ज्यांनी वाचवली, त्या ग्रंथपालांची नावे कोणत्याही अहवालात येत नाहीत. सिल्वासासारख्या गावात पुढचे वादळ येईल तेव्हा त्याचा वेग उपग्रह सांगेल. मागचे कसे होते, हे मात्र कपाटातले पिवळे पडलेले पानच सांगेल. शंभर वर्षे ग्रंथसंग्रह जपणाऱ्या संस्थेचे समाजावरील ऋण याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.